उजवीकडचा अर्धा ओठ

मितूच्या तोंडातून पेज बाहेर आली, तिच्यामागून किंकाळी आली, आणि तरीही आपण काय केलं ते रीनाला कळलं नव्हतं. पेज तर तिनं ओठाला लावून पाहिली होती. चमचा खालच्या ओठावर टेकवला, क्षणभर थांबली, निवलीय असं ठरवलं आणि लेकीला भरवला. रोजचंच. पण निवलीय असं ठरवलं ते काहीच न लागल्यामुळे, आणि काही न लागणं म्हणजे निवणं हे आयुष्यभराचं गणित हात आपोआप करून मोकळा झाला होता. चमचा उजवीकडे टेकला होता. उजवीकडचा अर्धा ओठ आणि त्याखालची हनुवटी दाढ काढल्यापासून तिची नव्हती. कुणीतरी मेणाची करून आणून तिथं चिकटवली होती. मितू जीभ बाहेर काढून, हात झाडत, आईच्या कमरेवरून मागे मागे वाकत रडत होती, आणि आईकडे बघत होती. सव्वा वर्षाच्या पोरीच्या नजरेत राग नसतो म्हणतात. नसेलही. पण हे तू केलंस, एवढं त्या नजरेत होतं.

घरामागच्या सांदवाडीतून सासूबाई, कुसुमबाई, आल्या, हाताला वालाच्या वेलाचा हिरवा वास.

"काऊन रडवून राहिली पोरीले?"

"चटका बसला, आई. पेज गरम होती."

"ओठाले लावून नाही पाह्यली?"

"पाहिली."

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर इतक्या वेळा देऊन झालं होतं की आता तोंडात फिरवायचाही कंटाळा आला होता. कुसुमबाईंनी मितूला उचललं, टाळूला आलेला फोड पाहिला, थंड पाण्याचं बोट तिच्या जिभेवर फिरवलं आणि म्हणाल्या, "अर्ध्या गोरेगावचे पोट्टे माह्या हातानं जेवले. एकाले चटका नाही बसला." ते खरंच होतं. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या, निवृत्त होईपर्यंत खिचडीचं पातेलं त्यांच्याच हाताखाली होतं, आणि आता एसटीत बसलेली मिशा फुटलेली माणसंसुद्धा त्यांना बघून उठून जागा देत. अशा बाईपुढं चमचा धरायचा म्हणजे परीक्षाच; आणि रीना नापास झाली होती. त्या दिवसापासून मितूचं खाणं कुसुमबाईंकडे गेलं. भांडण नाही, बोलणं नाही. वाटी उचलली गेली, एवढंच. रीनाला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि हे सगळं कशावरून, तर एका अक्कलदाढेवरून. पोटात मितू असताना ती दुखायला लागली होती. तेव्हा औषध नको म्हणून लवंग दाबून दिवस काढले, मग बाळंतपण, मग अंगावरचं दूध, मग एकदाचा मुहूर्त लागला आणि अतुल तिला गोरेगावहून मोटरसायकलवर गोंदियाला घेऊन गेला. तिचं माहेर तिथलंच, दवाखाना माहेरच्या गल्लीपासून लांब नाही, डॉक्टर हसतमुख, भिंतीवर दात घासणाऱ्या सशाचं चित्र. दाढ आडवी झोपली होती. फोटोत तिच्या मुळांखालून एक बारीक करडी वाट जाताना दिसत होती, डॉक्टरांनी पेनानं दाखवलं, "ये नस है, थोड़ा पास से जा रही है, देख के निकालेंगे." देखके निकाली. बर्फ लावला, आइस्क्रीम खायला सांगितलं, रीनानं ते खाल्लंही, बधीर तोंडानं, हनुवटीवरून ओघळत, आणि दोघं नवरा-बायको रस्त्यावर उभी राहून लग्नाआधी हसायची तशी हसली होती. तेच तिला नंतर आठवत राही. आपण त्या बधीरपणाला हसलो होतो. संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणून.

संध्याकाळी जीभ जागी झाली, गाल जागा झाला, जबड्यात ठणका सुरू झाला. हनुवटी झोपलेलीच. दुसऱ्या दिवशी पाणी पिताना स्टीलच्या ग्लासाची कड अर्धी तुटली आहे असं वाटून तिनं ग्लास उजेडात धरून पाहिला. कड शाबूत होती. मग कपाची कड तुटली, चमच्याची तुटली, बाटलीचं तोंड तुटलं. घरातली एकेक वस्तू तिच्या तोंडाशी येऊन अर्धी होऊ लागली. जेवताना हनुवटीला भात चिकटला तर कळेना. अतुल लांबून स्वतःच्या हनुवटीला बोट लावून खूण करी, आणि त्या खुणेचा तिला इतका राग येऊ लागला की ती आरशासमोर जेवायला बसते म्हणाली. ओठ चावला जाई आणि रक्ताची चव आल्यावरच समजे. पुन्हा गोंदिया. डॉक्टर अजूनही हसतमुख. "अरे मॅडम, लाखों में एक केस होता है ऐसा. रेअर है. आ जाएगा. तीन महीना, छह महीना. और नहीं भी आया, तो दिखता तो कुछ नहीं ना?" ससा भिंतीवर दात घासतच होता. परतताना अतुल गाडीवरून मान वळवून म्हणाला, "मी तर आधीपासूनच म्हणत होतो, लाखात एक आहेस." त्यानं ते प्रेमानंच म्हटलं. तिनं त्याच्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि मनात म्हटलं, मेल्या.

दिसत तर काही नाही. हे वाक्य तिला गोरेगावच्या बाजारात भेटलं, माहेरी भेटलं, फोनवर भेटलं. शेजारच्या पुष्पाबाईंनी तिची हनुवटी चिमटीत धरून इकडून तिकडून पाहिली, जशी वांगी पाहतात, आणि निकाल दिला, "काहीच नाही वो. चांगली तर दिसून राहिली." आईनं फोनवर तिळाच्या तेलाची मालीश सांगितली. अतुलच्या दुकानातल्या कुणीतरी सांगितलं की डोक्यातून येतं हे, टेन्शन नको घेऊ. दुखतं का? नाही. सूज? नाही. तोंड वाकडं झालं? नाही. मग? मग काय, काहीच नाही. जे दुखणं दुखत नाही त्याचं कुणापुढं रडायचं? हात मोडला असता तर लोकांनी प्लास्टरवर नावं लिहिली असती. कुसुमबाईंचं तर सरळ होतं. "दाढ इथं," त्या स्वतःच्या गालाच्या मागच्या कोपऱ्यात बोट खुपसून दाखवत, "न हनुवटी इथं. दाढ काढल्यानं कोनाची हनुवटी मरते का? मी तर चार दाढा काढल्या." त्यांच्या चारी दाढा अतिशय सभ्यपणे निघाल्या होत्या, त्याचा रीनाला वैताग येई.

पण मुख्य गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, कारण ती सांगितल्यावर लोक हसले असते. मितूला झोपवताना ती तिच्या टाळूवर ओठ टेकवत असे. जावळाची ती मऊ, थोडी घामट, दुधट ऊब. पोरीला ताप आहे की नाही हे थर्मामीटरच्या आधी तिला ओठ सांगत. आता टाळू अर्धीच लागे. जिथं संपायला नको तिथं पोर मध्येच संपे. ओठ डावीकडे वाकडे करून ती पापा घ्यायला शिकली, पण घाईत, झोपेत, प्रेमाच्या भरात माणूस असा हिशेब कुठं करतो? भरात घेतलेला प्रत्येक पापा अर्धा वाया जाई. आणि आता तर पोरीला भरवणंही गेलं. ती धुणं धुवायची, भांडी घासायची, मितूची दुपटी वाळत घालायची. मितूच्या भोवतीचं सगळं तिच्याकडे आणि मितू ओसरीवर आजीच्या मांडीत, चिऊ-काऊच्या घासांत गुंग.

अशात एका दुपारी आशाताई दुर्गेश्वरी आली. सोबत एक पुरुष कार्यकर्ता, गळ्यात ओळखपत्र, हातात खडू. कुष्ठरोग शोधायची मोहीम होती. दरवर्षी असते, दारावर खडूनं खूण करून जातात. दुर्गेश्वरीनं पदरानं वारा घेत पाठ झालेलं म्हटलं, "घरात कोनाले अंगावर फिक्कट चट्टा? सुन्न जागा? हातापायाले मुंग्या? कुठं हात लावला तर कळत नाही असं?"

"नाही वो माय," कुसुमबाई मितूचं तोंड पुसत म्हणाल्या, "आमच्या इथं तसलं काही नाही."

आणि स्वयंपाकघराच्या दारातून रीना म्हणाली, "मला आहे."

नंतर तिनं या दोन शब्दांवर पुष्कळ विचार केला. मूर्खपणा होता, हे खरंच. पण इतक्या महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं. दुखतं का असं नाही, सुजलं का असं नाही. हात लावला तर कळत नाही असं कुठं आहे का, असं, नेमकं, तिच्याच दुखण्याला नावानं हाक मारल्यासारखं. हाक आली की ओ जाते. "हा ओठ, ही हनुवटी. दाढ काढल्यापासून," ती सांगत सुटली, ग्लासाची कड, भाताचं शीत, सगळं. दुर्गेश्वरीनं पदराच्या टोकानं तिच्या हनुवटीला स्पर्श केला. "लागलं?" "नाही." दुर्गेश्वरीनं सोबतच्या माणसाकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही न दाखवण्याचं तिचं प्रशिक्षण झालेलं होतं, आणि तेच दिसलं. "दाढेचंच असंन," ती म्हणाली. "तरी परवा दवाखान्यात डॉक्टरीनबाईले दाखवून दे. भेवाचं काही नाही, गोळ्या फुकट राहतात, बराबर होते."

गोळ्या. ओसरीवर मितूला भरवणारा हात थांबला होता.

जे कुणालाच पटत नव्हतं ते कुसुमबाईंना एका क्षणात पटलं. दाढेनं हनुवटी मरत नाही, हे तर त्या पहिल्यापासून सांगत होत्या. मग कशानं मरते, ते आता कळलं होतं. सगळं जुळलं. रीना हसली असती, इतकं ते जुळलं होतं. पण कुसुमबाई हसण्यासारख्या दिसत नव्हत्या. त्यांची चिचगडची मावशी त्यांनीच सांगितलेली: हाताला चट्टा आला म्हणून सासरच्यांनी तिला ढोरांच्या कोठ्यात खाट टाकून दिली, ताटवाटी वेगळी, लहान्या कुसुमला लांबून बघायची परवानगी. मावशी खाटेवरून हात करायची, न मी पळून जायचो, हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी बसे. त्यांनी ती गोष्ट मितूच्या पाळण्याशी बसून रीनाला सांगितली होती, माणसं किती वाईट राहतात बाई, म्हणत. त्या रात्री त्यांनी मितूला आपल्याजवळ निजवलं. "तुले आराम पाह्यजे," म्हणाल्या. सकाळी रीनाचा ग्लास मांडणीवरच्या बाकीच्या ग्लासांतून निघून खिडकीत एकटा उभा होता. मुद्दाम ठेवल्यासारखाही नाही. असाच.

रीनानं अतुलला खिडकी दाखवली. "हे काय आहे?"

"ग्लास आहे."

"तुम्ही मला वेडी समजता का?"

"अगं, आई घाबरली आहे. उद्या दाखवून दे ना एकदा. मनाची शांती."

"कुणाच्या मनाची?"

तो शर्टाची बटणं लावत राहिला. तो वाईट नव्हता. तो मधला होता, आणि मधल्या माणसांवर ओरडायला सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. "आणि तुम्ही?" तिनं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" "मला काही वाटत नाही," तो म्हणाला, आणि तिला वाटलं, चला, म्हणजे घरात दोघांना काही वाटत नाही. ती एकटीच खुदकन हसली. तिकडून मितूनं आईचं हसणं ऐकून हात पुढे केले, कुसुमबाईंनी तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चिमण्या दाखवायला अंगणात नेलं. रीना दारात उभी राहिली. तिला आता बधीरपणाचं काही वाटत नव्हतं, डॉक्टरचं वाटत नव्हतं. हात पुढे केलेली पोर अंगणात जाताना खांद्यावरून मागे बघत होती, आणि तेवढं एकच लागत होतं, सगळ्या अंगाला लागत होतं. आपणच बोललो. तोंड उघडलं ते हेच, अर्धं. निम्म्या ओठानं एवढं केलं, पूर्ण असता तर काय केलं असतं.

दवाखान्यात ती एकटी गेली. बाकावर दोघं-तिघं आणखी, एका म्हाताऱ्याच्या पाठीवर तांबूस चट्टा, तो तिला म्हणाला, "पोरी, तुले कुठं?" तिनं हनुवटी दाखवली. "दिसत तर काही नाही," म्हातारा म्हणाला. इथंही! डॉक्टर अल्का तिच्याएवढ्याच असतील, केसांची एक बट क्लिपमध्ये न बसणारी, टेबलावर अर्धा खाल्लेला पोह्यांचा डबा. त्यांनी मानेवरची नस चाचपली, कोपराची चाचपली, हात उजेडात फिरवले, आणि कापसाची वात पिळून तिचं टोक बारीक केलं. "डोळे मिटा. कापूस लागेल तिथं बोट ठेवा. लागला नाही तर काहीच करू नका."

डोळे मिटल्यावर पंख्याचा आवाज मोठा झाला. कपाळावर काहीतरी उतरलं, मुंगीसारखं. तिनं बोट ठेवलं. डाव्या गालावर. उजव्या गालावर. डाव्या ओठावर इतकं हलकं की हसू आलं. मग काहीच नाही. पंखा फिरतोय, बाहेर कुणीतरी कुणाला चिठ्ठीसाठी हाक मारतंय, आणि काहीच नाही. आता लावला असेल का? की डॉक्टर खिडकीबाहेर बघताहेत? तिचं बोट हवेत उभं होतं. आतून ती सगळी त्या अर्ध्या वितीच्या जागेच्या मागे जाऊन उभी राहिली, दाराला कान लावतात तशी. जगात त्या क्षणी कुणीतरी तिला स्पर्श करत होतं किंवा करत नव्हतं, आणि दोन्हींत फरक नव्हता. तिला एकदम चिचगडच्या, कधी न पाहिलेल्या मावशीची खाट दिसली. मावशीच्या हातावर कुणी लहान मुलानं हात ठेवला असता, तर तिला तरी कळलं असतं का? पण कुणी ठेवलाच नाही. कळण्या-न कळण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

"उघडा डोळे," डॉक्टर म्हणाल्या. "हे कुष्ठ नाही. चट्टा नाही, नस जाड नाही, आणि बधीरपणा हनुवटीच्या बरोबर मधोमध येऊन थांबतोय, जिथं ती दाढेजवळची नस थांबते. दाढ काढताना दुखावली आहे. क्वचित होतं, पण होतं. तुम्ही म्हणताय तेच आहे."

"मी म्हणतेय तेच?"

"तेच. आणि कुष्ठ असतं तरी एवढं तोंड पाडायचं काम नव्हतं. औषध घेतलं की बरं होतं, लेकराला जवळ घ्यायला काही हरकत नसते. हे मात्र हळू जातं. जाईलच असं मी सांगणार नाही. मुंग्या आल्यासारखं वाटलं तर चांगली खूण समजा. थांबा जरा." त्यांनी बॉलपेन उचललं आणि कापूस एका हातात, पेन दुसऱ्यात, असं करत तिच्या हनुवटीवर जिथं लागणं संपतं तिथून एक रेघ ओढली, ओठाच्या मधून खाली, मग वळून जबड्याच्या कडेनं वर. "मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात परत आखू. रेघ आत सरकली की नस येतेय."

पेन सुरुवातीला लागत होतं आणि मग लागेनासं झालं. फोटोत तिनं पाहिलं: निळ्या शाईत, थोडी वेडीवाकडी, धानाच्या एखाद्या छोट्या बांधीभोवतीच्या मातीच्या धुऱ्यासारखी. इतके महिने सांगून सांगून जीभ झिजली ती गोष्ट अशी चेहऱ्यावर ढळढळीत उभी होती. नर्सनं स्पिरिटचा बोळा पुढे केला. "पुसून टाका, बाहेर जाल ना." "राहू द्या," रीना म्हणाली.

ती बाजारातून चालत आली. भाजीवाल्यानं बघितलं, पोरांनी बघितलं. कोपऱ्यावर पुष्पाबाई उभ्याच होत्या. "अव रीना, तोंडाले शाई लागली वो!" "लागली नाही. लावून घेतली." "कायले?" "दिसावं म्हणून," ती म्हणाली आणि थांबली नाही. कितीतरी दिवसांनी तिला चालताना बरं वाटत होतं, आणि बरं वाटण्याचाही थोडा रागच येत होता.

ओसरीवर कुसुमबाई उठून उभ्या राहिल्या. 

"ते नाही," रीना म्हणाली. "दाढेचंच आहे. मी म्हणत होते तेच."

"काहीच नाही निघालं?" कुसुमबाईंचा श्वास सुटला. "माय वो. मी म्हटलं होतं ना, काही नाही म्हणून."

हेच. नेमकं हेच. रीनाच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. "काही नाही कसं? आहे ना! ही काय रेघ आहे! हिच्या आत मला काही कळत नाही, आई. काही म्हणजे काही नाही. तुम्हाला ते एक नसलं की झालं. माझं काय?"

ती कधी अशी बोलली नव्हती. कुसुमबाईंनी मितूला कडेवर सावरलं आणि जवळ आल्या. रेघ ओठापासून जबड्यापर्यंत पाहून घेतली. मग, अंगणवाडीतल्या एखाद्या पोराला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "बस खाली. डोळे मिट."

रीना पायरीवर बसली. डोळे मिटले. बांगड्या वाजल्या.

"लागलं?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता? चिमटा काढून राहिलो मी."

"नाही, आई."

बांगड्या थांबल्या. कुसुमबाईंच्या श्वासाचा आवाज बदलला. पदर सरकल्यासारखं, कुणीतरी वाकल्यासारखं वाटलं, मांडीवर एक ओळखीचं ओझं उतरलं, दुधाचा वास आला. पुन्हा काहीच नाही.

"न आता?" कुसुमबाईंनी अगदी हळू विचारलं.

"सांगितलं ना, नाही!" रीना वैतागून म्हणाली आणि तिनं डोळे उघडले.

मितू तिच्या तोंडाशी होती. तिचे ओले ओठ हनुवटीवरून नुकतेच सुटत होते, लाळेची एक तार अजून जोडलेली, निळी शाई तिच्या ओठाला लागलेली.  कुसुमबाईंनी पोरीच्या पाठीमागचा आपला हात हळूच काढून घेतला आणि त्या शेजारी, पायरीवरच, बसल्या.

"इकडे गं," रीना म्हणाली.  तिनं डावा गाल पुढे केला. "या बाजूला दे. इकडे लागतं."

मितूला इकडे नको होतं. तिला रेघ पाहिजे होती. तिनं दोन्ही हातांनी आईचं तोंड धरलं, आपल्याला हवं तसं फिरवलं, आणि तोंड उघडून पुन्हा त्याच जागेवर वाकली. या वेळी रीनानं डोळे उघडे ठेवले.